पाऊस तोच, चाल निराळी

मुंबईहून नंदिग्राम एक्स्प्रेसने निघालेला प्रवासी मराठवाडा मागे टाकतो, किनवटच्या सागवानी रानातून जातो आणि आदिलाबादला उतरतो. स्थानकावरील पाटी तेलुगू असते. परंतु बाजाराच्या दिशेने दहा पावले टाकली की मराठी बोल कानी पडू लागतात. यात नवल काही नाही. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात मोडत असे. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी राजुरा व किनवट हे भाग मराठी मुलखाकडे आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशास जोडला गेला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे आणि २०१६ साली त्या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ व चंद्रपूर, पलीकडे आदिलाबाद. दोन्ही तीरांवर तीच काळी माती, तीच कपाशी, आणि पुष्कळ घरांत तीच भाषा. या नदीकाठी बदलत्या ऋतुमानाने शेतकऱ्याच्या संसारात काय उलथापालथ चालविली आहे, ते आज वाचकांपुढे ठेवावे असा आमचा मानस आहे.

एका पावसाळ्यात आमचा मुक्काम पैनगंगेलगतच्या एका गावी पडला. जुलैचा पहिला आठवडा सरत आला होता. ज्यांच्या ओसरीवर आम्ही टेकलो ते घरधनी चाळिशी ओलांडलेले. स्वतःची सहा एकर जमीन, शिवाय आणखी चार एकर मक्त्याने केलेली. मृगाच्या पहिल्या सरी येताच त्यांनी सगळ्या वावरात सरकी टोबली होती. मग अठरा दिवस आभाळ कोरडे राहिले. जे अंकुर वर आले ते उन्हाने करपले, जे आले नाहीत ते मातीतच जिरले. आता पुन्हा ढग दाटले होते आणि घरात एकच विषय चालला होता : दुबार पेरणी करावी की कसे?

हिशेब साधा होता, आणि म्हणूनच कठीण होता. बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची सरकारने ठरविलेली कमाल किंमत २०२५ साली ९०१ रुपये होती. एकरी दोन पाकिटे धरली तर दहा एकरांच्या दुसऱ्या पेरणीला नुसत्या बियाण्यापायी अठरा हजार रुपये लागतात. मजुरी निराळी, खत निराळे. पहिले बियाणे दुकानदाराकडून उधारीवर आणलेले. ती उधारी अद्याप वहीत तशीच उभी. आम्ही सहज विचारले, "यंदा पाऊस कमी आहे का?" त्यावर ते हसले व म्हणाले, "कमी नाही पडत जी फादर. पडते तवा झोडपून पडते, अन् पायजे तवा तोंड दाखवत नाही."

पुढे हवामानशास्त्रज्ञांचे निष्कर्ष आम्ही वाचले, तेव्हा या एका वाक्याचा अर्थ आम्हांस अधिक उमगला.

बेरीज आणि वेळापत्रक

आदिलाबादला वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, आणि त्यातील फार मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एवढ्या पावसावर एक खरीप पीक उत्तम यावे व भारी जमिनीत रब्बीलाही ओल उरावी. मात्र पिकास वर्षाची बेरीज कळत नाही. त्यास या आठवड्यात मुळाशी ओल आहे की नाही, एवढेच कळते. शंभर मिलिमीटर पाऊस चार हप्त्यांनी महिनाभरात पडला तर शेत हसते. तोच एका रात्रीत कोसळून पुढे तीन आठवडे खंड पडला तर शेत दोनदा मार खाते, एकदा पाण्याने व एकदा उन्हाने. वहीत मात्र दोन्ही ठिकाणी आकडा शंभराचाच लिहिला जातो.

ही चाल आताशा का बदलली? उष्ण हवेत बाष्प अधिक मावते. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापत चालला आहे, आणि त्यावरून येणारे वारे मधूनमधून बाष्पाचे प्रचंड लोट घेऊन येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तीर्ण प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालात दुसरी बाजू आहे : १९५१ ते १९८० या तीस वर्षांशी तुलना करता, १९८१ ते २०११ या काळात देशात पावसाळ्यातील कोरड्या खंडांचे प्रमाण २७ टक्क्यांनी वाढले. मुसळधार अधिक आणि खंडही अधिक! या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, परंतु त्या एकाच दुखण्याच्या दोन कळा आहेत.

२०२३ सालचा पावसाळा हा याचा धडाच होता. त्या जुलैच्या अखेरीस तेलंगणात असा पाऊस झाला की ओढे-नाले गावात शिरले. त्यामागून आलेला ऑगस्ट संबंध देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ज्या शेतकऱ्याने जुलैत शेतातील पाणी बाहेर काढण्यासाठी चर खणले, त्यालाच ऑगस्टमध्ये आभाळाकडे डोळे लावावे लागले.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२२ मध्ये, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील व आता निर्मल जिल्ह्यात मोडणाऱ्या कडम धरणावर जो प्रसंग ओढवला तो पुष्कळांच्या स्मरणात असेल. धरणाच्या दारांतून जेवढे पाणी सोडता येते त्याहून कितीतरी अधिक, पाच लाख क्युसेकच्या घरात पाणी येऊन आदळले; धरणावरून पाणी वाहू लागले आणि खालची गावे रात्रीतून हलवावी लागली. धरण टिकले, हे सुदैव. परंतु ज्यांनी ते बांधले त्यांच्या हिशेबात असा पाऊस धरलेला नव्हता, हेही खरे.

काळ्या मातीचा स्वभाव

आदिलाबादच्या सखल भागातील काळी माती ही चिकण आहे. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. मृगाचे पहिले पाणी या भेगांतून खोलवर जाते. पण माती एकदा फुगून भेगा बुजल्या, की पुढचा मुसळधार पाऊस आत शिरत नाही. तो शेतात साचतो, नाहीतर वरचा कसदार थर घेऊन ओढ्याला मिळतो. साचलेल्या पाण्याखाली मुळांना हवा मिळत नाही, आणि कपाशीचे मूळ गुदमरते.

या पट्ट्यात 'आकस्मिक मर' म्हणून कपाशीचा एक विकार आहे. तो रोगजंतूमुळे होत नाही. दीर्घ उघडीप पडून झाड पाण्यासाठी आसुसलेले असते. अशा वेळी एकाएकी जोराचा पाऊस होऊन शेतात पाणी तुंबते. दोन दिवसांत भरात आलेले, बोंडांनी लदलेले झाड मान टाकते. उघडीप आणि अतिवृष्टी पाठोपाठ आली की हा विकार बळावतो, आणि आजच्या पावसाची चाल नेमकी तशीच आहे. सोयाबीनची कथा याहून निराळी नाही. पीक काढणीस आले असता परतीचा पाऊस लांबला, तर शेंगांतील दाण्यांना शेतातच कोंब फुटतात. परतीचा पाऊस लांबत आहे, हेही आता नोंदीत आले आहे : राजस्थानच्या पश्चिम टोकापासून मोसमी वारे माघारी फिरू लागण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरीत, हवामान खात्याने २०२० साली ती १७ सप्टेंबर केली.

जुनी वहिवाट

आता वाचक विचारतील, पूर्वी काय दुष्काळ पडत नव्हते? अतिवृष्टी होत नव्हती? होत असे. फरक असा की, पूर्वीच्या शेतकऱ्याने आपले सर्व दाणे एकाच टोपलीत ठेवलेले नव्हते.

आदिलाबादच्या डोंगरांत गोंड, कोलाम, परधान, नायकपोड व थोटी यांची वस्ती आहे. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात मारलवाई गावी राहून राजगोंडांच्या जीवनाचा अभ्यास केला. त्यांची पत्नी १९८७ साली वारली व पुढे तेही निवर्तले. दोघांच्या समाध्या त्याच गावी आहेत. त्या काळी डोंगरमाथ्याच्या हलक्या तांबूस जमिनीत खरीप होई. तीत ज्वारी व बारीक तृणधान्ये पिकत. खालच्या भारी काळ्या जमिनीचा बराचसा भाग पावसाळाभर मोकळा राही आणि ओल धरून ठेवी. तीत रब्बीची ज्वारी व गहू होई. पाऊस ओढ धरून बसला तर हलकी जमीन फसे, पण मागचा पाऊस भारी जमिनीस तारी. पाऊस अति झाला तर सखल जमिनीत नुकसान होण्यासारखे पीकच उभे नसे. हा विमा होता, आणि त्याला हप्ता भरावा लागत नव्हता.

आज त्या दोन्ही जमिनींत खरिपाची कपाशीच उभी दिसते. हलक्या रानातील कपाशी खंडाने वाळते, भारी रानातील पाण्याने पिवळी पडते. कपाशीला नगद पैसा मिळतो, मुलाची शाळा, मुलीचे लग्न, दवाखाना हे सारे नगदच मागते. तेव्हा शेतकऱ्याने कपाशी धरली यात त्याला दोष देण्याचे आमच्या मनात नाही. परंतु ज्वारी गेली तिच्याबरोबर काय काय गेले, ते पाहिले पाहिजे. ज्वारीबरोबर कडबा गेला. कडब्याविना बैल-गाय पोसणे जड झाले. जनावर गेले तसे शेणखत गेले. शेणखताविना मातीची ओल धरण्याची शक्ती उणावली. म्हणजे ज्या काळात पावसाचे खंड वाढले, त्याच काळात आपण मातीची तहान सोसण्याची ताकद घटवून बसलो. आभाळाचा दोष आहे तितका आहे. काही भाग आपल्या पदरचाही आहे.

रानाचीही हीच गत. सागवानी व मोहाच्या जंगलातून उतरणारे ओढे पूर्वी उन्हाळ्यापर्यंत झिरपत असत. आता मुसळधार पाऊस उघड्या पडलेल्या उतारांवरून एका दिवसात वाहून जातो व ओढा लवकर आटतो. मार्च-एप्रिलात मोह फुलतो. ती फुले वेचून, वाळवून, विकून कित्येक आदिवासी घरांची उन्हाळ्याची बेगमी होते. अवकाळी पाऊस आला की भुईवर पडलेली फुले भिजून काळी पडतात आणि व्यापारी त्यांना हात लावीत नाही. या नुकसानीचा पंचनामा होत नाही. कारण मोहाचे झाड कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, आणि तेलंगणाच्या पट्टेदार-पुस्तकातही नाही.

बाजारातील ओलावा

पीक घरी आले म्हणजे आभाळाच्या तावडीतून सुटले, असेही नाही. आदिलाबादचा कापूस बाजार मोठा. हंगामात आवाराबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते, पण कापसातील ओलाव्याचे प्रमाण मोजून. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव. त्यावर दर टक्क्यामागे एक टक्का कपात. बारा टक्क्यांच्या वर खरेदी नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता; म्हणजे एक टक्का अधिक ओलावा क्विंटलमागे एक्क्याऐंशी रुपये खाऊन जातो. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला, नोव्हेंबरात पहाटेचे धुके उतरले, की वेचणीच्या पहिल्या कापसात ओलावा बाराच्या पुढे जातो. ज्याच्या घरी वाळविण्यास जागा आहे व थांबण्यास धीर आहे तो थांबतो. ज्याच्या दारात उधारीवाला उभा आहे तो खाजगी व्यापाऱ्याच्या मापात, मिळेल त्या दराने, कापूस ओतून मोकळा होतो. एकच धुके दोघांवर पडते. भुर्दंड मात्र गरीबच भरतो.

आमच्या घरधन्यांसारखे जे मक्त्याने जमीन करतात त्यांचे दुखणे याहून खोल आहे. तेलंगणात २०१८ पासून एकरी रोख साहाय्य देण्याची योजना सुरू झाली, आणि तिचा पुष्कळ घरांना आधार झाला. पण ती रक्कम पट्टेदाराच्या, म्हणजे जमिनीच्या मालकाच्या, खात्यात जात असे. जो कसतो त्याच्या नाही. २०२० च्या खरिपापासून काही हंगाम त्या राज्यात केंद्राची पीकविमा योजनाही चालू नव्हती. मक्तेदारास ओळखपत्र व पीककर्ज मिळावे म्हणून संयुक्त आंध्र प्रदेशात २०११ साली कायदा झाला; त्याचा अंमल कागदावरच अधिक झाला. ज्याच्या डोक्यावर पाऊस पडतो त्याचेच नाव यादीत नसते.

काय करता येईल

उपाय अगदीच नाहीत असे नव्हे; आणि त्यांतील बरेचसे फार खर्चाचेही नाहीत.

पहिला उपाय धीराचा. पहिल्या सरीवर पेरणी करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरेशी भिजल्यावरच सरकी टोबावी, असा कृषी विद्यापीठांचा सल्ला आहे. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते, ते सूर्याच्या गतीने. पाऊस त्या तारखेला बांधलेला नाही. वाडवडिलांचे नक्षत्रज्ञान टाकून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या जोडीला गावात एक साधे पर्जन्यमापक असावे आणि त्याचा आकडा रोज चावडीच्या फळ्यावर लिहिला जावा, एवढेच आमचे म्हणणे. हवामान खाते व कृषी विद्यापीठे मंगळवारी व शुक्रवारी शेतीसाठी हवामान-सल्ला काढतात. गावातील एखाद्या शिकलेल्या मुलीने तो मोठ्याने वाचून दाखविला तर दहा घरांची दुबार पेरणी वाचेल.

दुसरा उपाय रचनेचा. भारी जमिनीत सपाट पेरण्याऐवजी रुंद वरंबे व सऱ्या काढून पेरले, तर अति पाऊस सरीतून निघून जातो व खंडाच्या दिवसांत वरंब्यात ओल राहते. कपाशीच्या चार-सहा ओळींमागे तुरीची एक ओळ घेण्याची पद्धत या भागाला परकी नाही. तुरीचे मूळ खोल जाते, तिचा पाला जमिनीवर पडून कस वाढवितो, आणि कपाशी फसली तर घरात निदान डाळ येते. डिसेंबरअखेर कपाशी काढून टाकावी, पाणी देऊन फरदड घेऊ नये. उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभ्या राहणाऱ्या फरदडीवरच गुलाबी बोंडअळी पुढच्या वर्षासाठी तग धरते.

तिसरा उपाय पाण्याचा. एक एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे चार लाख लिटर पाणी पडले. त्याचा चौथा हिस्सा जरी शेततळ्यात अडला, तरी ऑगस्टच्या खंडात एक संरक्षित पाळी देता येते. तेलंगणात २०१५ पासून 'मिशन काकतीय' या नावाने जुन्या तलावांचा गाळ काढण्याचे मोठे काम झाले. तलावाचा गाळ म्हणजे आपल्याच शेतातून वाहून गेलेली माती; ती परत शेतात गेली तर दोन्ही ठिकाणी हित होते.

चौथा उपाय सर्वांच्या मिळून करण्याचा, व तोच सर्वांत अवघड. हवा तापविणारा धूर बैलजोडीवर शेती करणाऱ्याने सोडलेला नाही. तो मोठमोठ्या कारखान्यांचा, वीजकेंद्रांचा, आणि आम्हां शहरवासीयांच्या सुखसोयींचा आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. आकडा लहान दिसतो. परंतु त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडले ते पैनगंगेकाठी दिसते. तेव्हा आमच्या ताटात ज्वारीची भाकरी आठवड्यातून दोनदा परत आली, मक्तेदाराचे नाव यादीत यावे म्हणून चार सुशिक्षितांनी अर्ज लिहून दिले, तर ती दया नव्हे. देणे फेडणे आहे.

आता त्या ओसरीवर परत जाऊ. संध्याकाळपर्यंत बोलणे चालले. घरातले म्हातारे वडील खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "खालचं दोन एकर भारी वावर राहू दे बापू. तिथं पाणी तुंबतेच. रब्बीत ज्वारी घालू, हरभरा घालू." मुलाला पटले, पण मक्त्याच्या चार एकरांचे काय? मालकास मक्ता रोख द्यावयाचा, आणि रोख पैसा देणारे पीक कपाशीच. शेवटी ठरले ते असे : मक्त्याच्या चार एकरांत उधारीने पुन्हा सरकी, स्वतःच्या चार एकरांत कपाशी व तिच्यामध्ये तुरीच्या ओळी, आणि सखलातले दोन एकर रब्बीसाठी मोकळे. आठ एकरांची सोळा पाकिटे. उधारीच्या वहीत आणखी साडेचौदा हजारांची भर.

रात्री पाऊस आला. घरधनी दोनदा उठून अंगणात गेले. आम्ही जागे आहोत असे पाहून म्हणाले, "चांगला भुरभुर लागला जी. असाच पडला पायजे." पहाटेपर्यंत तो तसाच, हळू पडत होता. सकाळी आम्ही निघालो तेव्हा त्यांची मंडळी खांद्याला सरकीची झोळी अडकवून वावराकडे जात होती, आणि म्हातारे वडील काठी टेकीत त्या दोन मोकळ्या एकरांच्या धुऱ्यावर जाऊन उभे राहिले होते.